उन्हाचा हिशेब आपल्याच कातडीवर

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या हाताची मनगटावरची, बाहेरची बाजू पाहा आणि मग दंडाची आतली, काखेजवळची बाजू पाहा. कातडी तुमचीच, वयही तेच. मधला फरक बहुतेक उन्हाचा. भर चौकात उभे राहणारे वाहतूक पोलीस, ससून डॉकवरच्या कोळणी, दुपारी घरोघरी डबे आणि पार्सलं पोचवणारी मुलं यांच्या हातांवर तो लगेच दिसतो.

संगणक हाच फरक आकड्यांत मांडू शकतो. फोटोतल्या ठिपक्यांचा उजळपणा आणि पिवळसरपणा मोजून तो एक कोन काढतो. त्वचा जितकी गडद, तितका कोन लहान. अतिनील प्रकाशात घेतलेल्या फोटोत तर डोळ्यांना अजून न दिसणारे डागही उमटतात, कारण त्वचेला रंग देणारं मेलॅनिन ते किरण शोषून घेतं.

गाडीची काच वर केली की ऊन संपत नाही. उन्हातल्या अतिनील किरणांपैकी यूव्हीबी प्रकारचे किरण काच बऱ्यापैकी अडवते, पण यूव्हीए प्रकारचे आत येतात आणि त्वचेत खोलवर जातात. 28 वर्षं ट्रक चालवलेल्या एका अमेरिकी चालकाचा फोटो 2012 साली वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्याच्या चेहऱ्याची खिडकीकडची, डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी सुरकुतलेली होती. आपल्या टॅक्सीवाल्या काकांच्या बाबतीत ती बाजू उजवी.

2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे 1,29,000 फोटोंवर संगणकाला शिकवलं आणि त्वचेचा कर्करोग ओळखण्यात तो तज्ज्ञांच्या तोडीस उतरला. पण 2022 मध्ये तिथल्याच संशोधकांनी अशा प्रणाली गडद त्वचेवर तपासल्या, तेव्हा त्या तिथे कमी पडल्या. मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. गोऱ्या त्वचेवर ऊन सुरकुत्यांतून लवकर बोलतं, आपल्या त्वचेवर बहुधा आधी डाग आणि वांग येतात. सुरकुत्यांवरच शिकलेलं यंत्र एखाद्या कोळणीला 'सगळं ठीक' म्हणेल. दुसरं एखादं यंत्र तिचा जन्माचा सावळा रंगच बिघाड ठरवून क्रीम सुचवेल, आणि ते मला अधिक घातक वाटतं. म्हणून तुलना तिच्या हाताची तिच्याच दंडाशी व्हावी, परक्या चेहऱ्याशी नको.

मोबाइलने नोंद ठेवायची असेल, तर दर वेळी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळेला फोटो घ्या. शेजारी पांढरा कागद ठेवा, म्हणजे रंग पडताळता येतो. ब्यूटी मोड आठवणीने बंद करा. तो नेमके डागच पुसतो.

आणि फक्त चेहऱ्याचे फोटो काढून थांबू नका. गडद त्वचेच्या लोकांत मेलॅनोमा हा कर्करोग अनेकदा तळपायावर किंवा नखाखाली निघतो, जिथे ऊन पोचतही नाही. तिथे वाढणारा काळा डाग किंवा न भरणारी जखम दिसली, तर ॲपच्या उत्तराची वाट न पाहता केईएम, नायर किंवा सायन रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवा.