न दिसणाऱ्यांचा यजमान

(दृश्य : तेरेखोलची खाडी, पलीकडे गोव्याचा किनारा.)

सावंतवाडी तालुक्यात, तेरेखोल खाडीच्या काठावर आरोंदा नावाचे गाव आहे. या गावावरून पडलेले आरोंदेकर हे आडनाव 7 ऑक्टोबर 2021पासून अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ऐकू येऊ लागले, कारण त्या दिवशी सुरू झालेल्या ‘घोस्ट्स’ या विनोदी मालिकेच्या नायकाचे नाव जय आरोंदेकर असे आहे. ही भूमिका करणाऱ्या नटाचे नाव उत्कर्ष अंबुडकर. खरे सांगायचे तर मी ही मालिका पहिल्यांदा लावली ती केवळ या दोन आडनावांच्या ओढीने. पुढे मात्र आडनाव मागे पडले आणि एक गोष्ट मनाशी पक्की होत गेली. मालिकेचे नाव भुतांवरून ठेवलेले असले, तरी ज्याला भुते दिसत नाहीत, तो माणूसच तिचा खरा आधार आहे.

(दृश्य : हिरवळीपलीकडे उभा असलेला जुना दगडी वाडा.)

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेला, हडसन नदीच्या खोऱ्यात, वुडस्टोन नावाचा एक वाडा आहे अशी कल्पना करून ही कथा रचलेली आहे. चित्रीकरण प्रत्यक्षात कॅनडातील माँट्रियलमध्ये होते. दूरच्या नात्यातून हा वाडा सॅमच्या वाट्याला येतो. रोझ मॅकायव्हरने साकारलेली ही सॅम जिन्यावरून पडून मृत्यूच्या दारातून परत येते आणि तेव्हापासून तिला वाड्यातील भुते दिसू लागतात. तिचा नवरा जय हा स्वयंपाकी, आणि त्याला मात्र काहीच दिसत नाही. हजार वर्षांपूर्वीचा व्हायकिंग थॉरफिन, अमेरिकेतील मूळनिवासी लेनापे जमातीचा ससापिस, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील अधिकारी आयझॅक, एकोणिसाव्या शतकातील श्रीमंत घराची मालकीण हेटी, दारूबंदीच्या काळातील गायिका अल्बर्टा, हिप्पी फ्लॉवर, गळ्यात बाण घेऊन वावरणारा स्काउटप्रमुख पीट आणि विजारीविना मेलेला शेअरबाजारातील ट्रेव्हर अशी आठ जणांची ही बिऱ्हाडे आहेत. मरताना अंगावर जे होते तेच कायम अंगावर राहते, वाड्याची हद्द ओलांडता येत नाही आणि अन्नाचा वास घेता आला तरी चव घेता येत नाही, हे तीन नियम एकदा ठरले की विनोदाला लागणारी सगळी अडचण आपोआप तयार होते.

या नियमांतील तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. जय रांधतो, ताटे जिवंत माणसांसाठी वाढली जातात आणि ज्यांना घास घेता येत नाही ते भोवती जमून केवळ वासावर तृप्त होतात. नैवेद्य दाखवणाऱ्या घरात वाढलेल्या प्रेक्षकाला हे दृश्य समजावून सांगावे लागत नाही.

आरोंद्याहून फार दूर नाही, अशा वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीत वेतोबाचे देऊळ आहे. रात्री गावाच्या रक्षणासाठी फिरताना त्याच्या वहाणा झिजतात, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे, म्हणून त्याला मोठाल्या चामडी वहाणा वाहिल्या जातात. जो दिसत नाही, त्याच्या पायांच्या मापाचा विचार करणारा हा मुलूख आहे. मालिकेच्या लेखकांना वेतोबा ठाऊक असेल असे मी सुचवत नाही. परंतु जय ज्या साधेपणाने न दिसणाऱ्यांची सोय पाहतो, त्यांच्यासाठी दूरचित्रवाणी सुरू ठेवतो आणि सॅमच्या तोंडून त्यांचे म्हणणे ऐकून त्यांच्याशी वाद घालतो, ते पाहताना मला हा देव आठवल्यावाचून राहत नाही.

(दृश्य : दिवाणखाना. जय रिकाम्या खुर्चीशी बोलतो आहे.)

अंबुडकरचे काम किती कठीण आहे, याची कल्पना सहसा केली जात नाही. समोर आठ नट उभे असतात, बोलत असतात, हसवत असतात, आणि त्याने मात्र नजर कोणावरही न थांबवता त्यांच्या आरपार पाहायचे असते. सॅमने दिशा दाखवली की तो त्या दिशेला वळतो, पण अंदाज थोडासा चुकलेलाच ठेवतो, आणि ते थोडेसे चुकणे त्याने पर्वामागून पर्व सांभाळले आहे. पहिल्या पर्वात विजेच्या धक्क्यामुळे हेटी त्याच्या शरीरात शिरते, त्या भागात त्याने तिची ताठ मान आणि तिचा तोरा असा उचलला की क्षणभर मूळ अभिनेत्री रेबेका विसॉकीच पुरुषाच्या देहात आल्यासारखी वाटली.

अलीकडच्या भागांबद्दलचे माझे मत याच कसोटीवर उभे आहे. लेखकांच्या 2023मधील 148 दिवसांच्या संपामुळे तिसरे पर्व केवळ 10 भागांचे झाले, आणि त्यातील हेटीच्या मृत्यूचे रहस्य उलगडणारा भाग मला संपूर्ण मालिकेतील सर्वश्रेष्ठ वाटतो. विहिरीत अडकलेल्या फ्लॉवरला वर काढायला दोरी हवी असते, भुतांना जिवंतांच्या जगातील दोरी हाताळता येत नाही, आणि मग गळाबंद पोशाखाखाली इतकी वर्षे लपवलेली दूरध्वनीची तार हेटी सर्वांसमोर काढते. तिने स्वतःचा जीव त्याच तारेने घेतला होता. पहिल्या भागापासून हसण्यासाठी वापरलेला नियम इथे एकाएकी दुःखाचे साधन होतो, आणि तरीही प्रसंग कुठे रडका होत नाही.

चौथे पर्व पुन्हा 22 भागांचे झाले. ज्या ब्रिटिश मालिकेवरून ही घेतलेली आहे, ती बीबीसीवर 2019 ते 2023 या काळात पाच पर्वे चालली आणि तिच्या एका पर्वात साधारण सहाच भाग असत. सहा भागांत जी कल्पना घट्ट बसते, ती 22 भागांत पातळ होण्याचा धोका असतोच, आणि तो चौथ्या पर्वात मधूनमधून जाणवला. जमिनीखाली एकटी राहिलेले, कर्मठ प्युरिटन ख्रिस्ती पंथातील पेशन्स या बाईचे भूत आयझॅकला ओढून नेते, ही सुरुवात चांगली होती, कारण तिचा राग आयझॅकच्याच जुन्या वागण्यातून आलेला होता. डिसेंबर 2024मधील नाताळच्या भागांच्या शीर्षकातच आरोंदेकर हे नाव आले, जयचे आईवडील वाड्यात आले, आणि मला एखाद्या नातेवाइकाच्या घरच्या कार्याला गेल्यासारखा आनंद झाला. जयने आपल्या उपाहारगृहाला वडिलांचे ‘महेश’ हे नाव दिले आहे, ही गोष्टही मला मनापासून आवडते. पाटीवर वडिलांचे नाव लावून धंदा सुरू करणे हे आपल्याकडच्या कोणत्याही गावात सहज दिसणारे आहे, आणि लेखकांनी त्याचे प्रदर्शन न मांडता ते कथेत सहज येऊ दिले.

मे 2025मधील चौथ्या पर्वाचा शेवटचा भाग मात्र मला खटकला. हेटीचा दुष्ट नवरा एलियास परत येतो आणि जय नकळत करारावर सही करून आपला आत्मा गमावून बसतो. पुढच्या पर्वापर्यंत प्रेक्षकाला धरून ठेवण्याची वाहिनीची गरज मला समजते. परंतु या मालिकेचे बळ चार भिंतींत कोंडलेल्या आठ जणांच्या कुरबुरीत आहे, नरकाच्या कारभारात नाही. त्यातही जयचा विश्वासू स्वभाव, जो एरवी घर उभे ठेवतो, तो इथे केवळ संकट ओढवण्यासाठी वापरला गेला, याचे मला वाईट वाटले.

पाचव्या आणि सहाव्या पर्वाला सीबीएसने फेब्रुवारी 2025मध्ये एकदमच मंजुरी दिलेली असल्याने लेखकांपाशी वेळ आहे. मला त्यांच्याकडून मोठे संकट नको आहे. ‘महेश’च्या स्वयंपाकघरात फोडणी पडावी, आठही जण वासाच्या ओढीने जमावेत, आणि “कसे झाले आहे?” असे जयने विचारावे, रिकाम्या जागेला, नेहमीप्रमाणे दोन हात डावीकडे पाहत.

(दृश्य : सॅम त्याचा खांदा धरून त्याला हलकेच उजवीकडे वळवते.)