चादर: सोफियापासून चाटी गल्लीपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, पाऊस आला की माणसं ‘चादर’ उघडतात. हो, उघडतात, पांघरत नाहीत. बल्गेरियन भाषेत हा शब्द छत्रीसाठी आहे. उच्चार जवळजवळ आपलाच, फक्त जोर दुसऱ्या अक्षरावर. असा एखादा पाहुणा आपल्या सोलापूरच्या कापडबाजारात, चाटी गल्लीत येऊन चादर मागू लागला, तर दुकानदार त्याच्यापुढं जकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली जाडजूड, मोर काढलेली चादर उलगडून ठेवील. तशी सोलापूरच्या पावसात छत्री कितीशी लागते म्हणा!

शब्द मूळचा फारसी. इराणात ‘चादोर’ म्हणजे बायका डोक्यावरून पायापर्यंत घेतात ते अर्धगोल वस्त्र. त्याला बाह्या नसतात, पुढून ते हातानं धरावं लागतं. पण त्याच इराणात चादोर म्हणजे तंबूसुद्धा! बख्तियारी, कश्काई हे तिकडचे भटके पशुपालक शेळीच्या केसांच्या विणलेल्या पट्ट्या जोडून तंबू उभारतात, त्यांना म्हणतात ‘सियाह चादोर’, काळे तंबू. अशा तंबूत राहणारा तो ‘चादोरनशीन’. एकच शब्द एका बाईला झाकतो आणि अख्ख्या कुटुंबालाही.

तुर्कांनी यातला तंबू तेवढा उचलला. त्यांचं ‘चादिर’ म्हणजे तंबूच. हंगेरीत त्याचं ‘शातोर’ झालं, रशियात ‘शात्योर’. बल्गेरियावर ऑटोमन तुर्कांची सत्ता जवळपास पाचशे वर्षं होती; तिथं तंबू आकसून छत्री झाला. आता कुणी म्हणेल, मग आपली छत्री आणि चादर सख्ख्या बहिणीच की! मी मात्र अशी सोयरीक घाईनं जुळवणार नाही. नुसता आवाज जुळला म्हणून कूळ एक ठरत नाही.

हिंदुस्थानात आल्यावर चादर आडवी झाली. पलंगावर अंथरली, अंगावर ओढली, दर्ग्यात मजारीवर चढवली. लोखंडाचा पत्राही हिंदीत चादरच. लडाखमध्ये कडाक्याच्या थंडीत झंस्कार नदी गोठते. त्या बर्फाला चादर म्हणतात आणि त्यावरून चालत जातात. शिखांचे नववे गुरू तेगबहादूर यांना ‘हिंद की चादर’ म्हणतात. तिथं कापड उरलंच नाही, उरलं ते फक्त रक्षण.

एक गंमत बघा. हिंदीवाले सांगतात, चादर असेल तेवढेच पाय पसरा. आपण सांगतो, अंथरूण पाहून पाय पसरावे. त्यांची काळजी पाय उघडे पडण्याची, आपली पाय फरशीवर जाण्याची. थंडीत मला हिंदीवाल्यांचं पटतं.

सोलापुरात मात्र सगळा उलटा मामला. बाहेर एका शब्दाच्या अनेक वस्तू झाल्या, इथं एका वस्तूला गल्लीगणिक शब्द. पूर्व भागात, साखर पेठेकडं, ज्या पद्मशाली घरांनी मागावर चादरी विणल्या, त्यांच्या तेलुगूत पांघरायच्या कापडाला म्हणतात ‘दुप्पटी’. हाच शब्द मराठीत दुपटं होऊन तान्ह्या बाळाभोवती गुंडाळला जातो आणि हिंदीत दुपट्टा होऊन पोरींच्या खांद्यावर बसतो. अक्कलकोटच्या बाजूनं आलेल्या कानडी घरात विचारा, ‘होदिके’ म्हणतील; होदे म्हणजे पांघरणं, त्यावरून. आणि विकायला गठ्ठे बांधले की तेलुगू असो, कानडी असो, उर्दू असो, सगळ्यांच्या तोंडी एकच: चद्दर! ‘द’ला ‘द’ जोडून. भौगोलिक मानांकनही ‘सोलापूर चद्दर’ याच नावानं मिळालंय. शुद्धलेखनवाले तिथं लाल रेघ मारतील, तर खुशाल मारू देत.

तुमच्या घरात तिला काय म्हणतात? आज्जीला विचारून पाहा. तिच्या माहेरची भाषा वेगळी असेल, तर उत्तरही वेगळं मिळेल.

नमस्कार.