खुंटीवरची अर्धी शिवण

बडोद्याच्या दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर माझ्या मावशीचे दोन खोल्यांचे बिऱ्हाड आहे. बाहेरची खोली दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब आहे, आतले स्वयंपाकघर त्याहून लहान आहे, आणि या दोन खोल्यांत चार माणसे राहतात. गेल्या पावसाळ्यापासून याच घरात शिवणकामाला कायमची जागा मिळाली. ती कशी मिळाली, हे आपण पाहणार आहोत.

मशीन त्याआधीही घरात होतेच. काळ्या रंगाचे, लोखंडी पायांचे, पायाने चालवायचे हे मशीन कपाट आणि दिवाण यांच्यामधल्या जागेत उभे असे, आणि त्यावर अंथरलेल्या कशिद्याच्या कापडावर वर्तमानपत्रे, औषधांच्या पुड्या आणि नातीच्या वह्या साठत जात. एखादी उसवलेली बाही शिवायची म्हटली तरी आधी तो पसारा हलवावा लागे, मशीन ओढून उजेडात आणावे लागे आणि जेवणाची वेळ झाली की सारे पुन्हा जागच्या जागी न्यावे लागे. टीप मारायला पाच मिनिटे लागत आणि मांडण्या-आवरण्यात अर्धा तास जाई. “अगं, मला शिवायचा कंटाळा कधीच नव्हता, आवरायचा होता,” असे मावशी म्हणते. लहान घरातल्या शिवणकामाची खरी अडचण तिच्या या वाक्यात आहे, असे मला वाटते. जागा कमी असते हे तर खरेच, पण काम अर्धे ठेवून उठण्याची सोय त्याहूनही कमी असते.

स्त्रियांनी शिवण शिकावी आणि त्यातून चार पैसे मिळवावेत, हा विचार या शहराला नवा नाही. १९१४ मध्ये येथे महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झाले. १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाल्यावर, हंसाबेन मेहता कुलगुरू असताना, तेथे गृहविज्ञानाची विद्याशाखा उघडली, आणि कापडाचा व घराच्या व्यवस्थेचा अभ्यास पदवीच्या दर्जाचा ठरला. घरातले काम कुठे, किती उंचीवर आणि कोणत्या क्रमाने करावे, याचा शांतपणे विचार करणे हा वेळेचा अपव्यय नव्हे, ही जाणीव बडोद्याच्या अनेक घरांत मुरलेली आहे. मावशीनेही सुताराला बोलावण्याआधी आठ दिवस एका वहीत नोंद ठेवली, की कोणत्या कामाला किती जागा लागते आणि ती किती वेळ अडून राहते.

त्या नोंदीतून तिला जे कळले, त्यावर सारी मांडणी उभी आहे. कापड बेतायला सर्वांत मोठी जागा लागते, पण ती तासाभरात मोकळी होते. मशीनला जागा थोडी लागते, पण ती दिवसभर हवी असते. इस्त्रीला दोन्ही बेताचे लागतात, आणि तिचाच विचार बहुतेक घरांत राहून जातो. म्हणून कायमची जागा फक्त मशीनला द्यायची आणि बेतण्यासाठी रोज थोडा वेळ उसनी जागा घ्यायची, असे तिने ठरवले.

मशीन आता रस्त्याकडच्या खिडकीपाशी आहे, आणि शिवायला बसल्यावर खिडकी डाव्या हाताला येते. यामागे कारण आहे. मशीनची सुई डाव्या टोकाला असते आणि तिच्या उजवीकडे मशीनचा जाड खांब असतो, त्यामुळे उजेड उजवीकडून आला तर त्या खांबाची आणि आपल्या हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते. बैठकही टेबलाच्या मध्याशी नाही, तर सुईच्या समोर आहे. बाजूला सरकून बसण्याची सवय लागली, की कमरेला आणि मानेला सतत पीळ पडत राहतो.

सर्वांत मोठा बदल मात्र भिंतीबाबत झाला. लहान खोलीत मशीन भिंतीला चिकटवून ठेवण्याचा मोह होतो, आणि तिथेच चूक होते, कारण शिवलेले कापड मागच्या बाजूला सरकत असते आणि बाकीचा सारा घोळ डाव्या बाजूला जमा होतो. नवरात्रासाठी शिवल्या जाणाऱ्या चणियाचे, म्हणजे घेरदार घागऱ्याचेच उदाहरण घ्या. अठ्ठावीस इंच कंबर आणि अडतीस इंच उंची असलेला पूर्ण गोल घेर काढला, तर त्याच्या खालच्या कडेची लांबी जवळजवळ पावणेसात मीटर भरते. टाका अडीच मिलिमीटरचा धरला, तर त्या कडेला किनार लावताना एका फेरीत सुमारे २,७०० टाके पडतात. एवढा घेर भिंतीशी गोळा झाला किंवा टेबलावरून खाली लोंबू लागला, तर त्याच्या वजनाने कापड ओढले जाते, सुई किंचित वाकते, खालच्या पत्र्यावर आदळते आणि मोडते. मावशीने मशीनच्या मागे हातभर जागा सोडली आहे, आणि डावीकडे इस्त्रीची घडीची फळी मशीनच्या उंचीला आणून उभी केली आहे. शिवताना घेर त्या फळीवर विसावतो, आणि शिवून झाले की त्याच फळीवर त्या शिवणीवरून इस्त्री फिरते. एकाच वस्तूने दोन कामे केली, हे पाहून मला मनापासून आनंद झाला.

इस्त्रीबद्दल थोडे सांगायला हवे. साधी घरगुती इस्त्री साधारण १,००० वॉटची असते, वाफेची याहून बरीच जास्त घेते, आणि पायाच्या मशीनलाही जोडता येणारी छोटी मोटर तिच्या मानाने अगदी थोडी वीज वापरते. जुन्या वाड्यांतल्या वायरिंगचा विचार करता, इस्त्री आणि मोटर एकाच बारीक वायरीच्या एक्स्टेन्शन बोर्डावर चालवणे धोक्याचे आहे. मावशीने इस्त्रीसाठी भिंतीत अर्थिंग असलेला स्वतंत्र सॉकेट बसवून घेतला. या साऱ्या मांडणीत ज्यावर काटकसर करू नये अशी एकच गोष्ट सांगायची झाली, तर मी हीच सांगेन.

बेतण्यासाठी उसनी जागा मिळाली ती स्वयंपाकाच्या ओट्यावर. चव्वेचाळीस इंच पन्ह्याचे कापड लांबीत दुमडले की बावीस इंच होते, आणि या घरातला ओटा चोवीस इंच खोल आहे. दुपारी जेवणे आटोपली, की गॅसची शेगडी खाली उतरते, ओटा कोरडा पुसला जातो, त्यावर कपाटाच्या मागे उभी ठेवलेली प्लायवुडची फळी आणि एक धुतलेली चादर पडते, आणि दोन ते चार या वेळात बेतणे पार पडते. जमिनीवर वाकून बेतताना पाठीला जो ताण पडत असे, तो यामुळे बराच कमी झाला. ब्लाउज, परकर, झबले, कळ्यांचा चणिया हे सारे या ओट्यावर बेतले जाते. पूर्ण गोल घेर मात्र अजूनही सतरंजीवरच बेतावा लागतो, आणि त्या दिवशी बाहेरच्या खोलीत कोणी पाय ठेवत नाही.

दोऱ्याची रिळे कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, एका फळीवर ठोकलेल्या खिळ्यांवर बसवली आहेत. उघड्यावर ठेवलेल्या रिळांवर धूळ बसते, उन्हाने रंग उडतो आणि दोऱ्याचा जोरही कमी होतो. सुयांचे आकडे डबीवर लिहिलेले आहेत: मलमलीसारख्या तलम कापडाला ११, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६. मोडलेल्या सुया झाकणाच्या बाटलीत जातात, आणि काम संपल्यावर दोरीला बांधलेला लोहचुंबक जमिनीवरून फिरवला जातो, कारण घरात चार वर्षांची नात अनवाणी धावत असते.

वाड्याची जमीन लाकडी असल्याने मशीनची धडधड खालच्या बिऱ्हाडात ऐकू जात असे. लोखंडी पायांखाली जुन्या रबरी चपलांचे चार तुकडे सरकवल्यापासून तो आवाज पुष्कळ कमी झाला. पावसाळ्यात लोखंड गंजू नये म्हणून आठवड्यातून एकदा तेलाच्या प्रत्येक भोकात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब जातो. खोबरेल तेल कधीही वापरू नये, कारण ते आत घट्ट होऊन बसते आणि मशीन जड चालू लागते. तेल घातल्यावर आधी चिंधीवर दोन-चार टिपा मारायच्या, म्हणजे कोऱ्या कापडावर डाग पडत नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी एक खबरदारी घ्यावी लागते. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, तेव्हाचे दिवस बडोदेकर विसरलेले नाहीत. मोटर आणि तिचे पायडल पावसाळ्यात तरी जमिनीवर ठेवू नये, आणि त्यांत पाणी गेलेच, तर जाणकाराने तपासल्याशिवाय वीज जोडू नये.

आता त्या खुंट्यांकडे पाहू. जुन्या वाड्याच्या भिंतीत त्या पहिल्यापासून होत्या, आणि त्यांवर छत्र्या लटकत असत. आज प्रत्येक खुंटीवर एक कापडी पिशवी आहे. एका पिशवीत एकच काम असते: बेतलेले तुकडे, जुळणारे रीळ, मंगळबाजारातून आणलेली लेस किंवा अस्तर, आणि मापे लिहिलेली चिठ्ठी. त्याच चिठ्ठीवर पुढचे काम काय, हेही लिहिलेले असते, उदाहरणार्थ “उजवी बाही लावायची” किंवा “दोन्ही कुशींना अर्धा-अर्धा इंच माया ठेवली आहे”. पोळ्या करायला उठावे लागले, तर हातातले काम पिशवीत जाते आणि पिशवी खुंटीवर जाते. मशीन हलत नाही. तासाभराने किंवा दोन दिवसांनी परत येऊन चिठ्ठी वाचली, की हात जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालू लागतो. फळीला, सॉकेटला आणि चुंबकाला मिळून जो खर्च आला, त्यात या पिशव्यांचा एक पैसाही नाही, कारण त्या उरलेल्या कापडाच्या आहेत. तरीही मला विचाराल, तर या घरात शिवणकाम रुजले ते या पिशव्यांमुळेच.

घटस्थापनेच्या आदल्या रात्रीपर्यंत चणिया-चोळ्या दिल्या जातात, आणि खंडेनवमीला मशीनची पूजा होते. पूर्वी कपाटाच्या आडोशाला हात घालून मशीनवर कुंकवाचे बोट टेकवावे लागे. आता खिडकीतला उजेड थेट चाकावर पडतो, झेंडूची माळ चाकाभोवती नीट बसते, आणि त्या दिवशी सुईत दोरा ओवला जात नाही. मागे खुंटीवर एकच पिशवी उरलेली असते. तिच्यातल्या चिठ्ठीवर लिहिलेले आहे, “नातीचा परकर, नेफा आणि नाडी बाकी”.