दिवाळीच्या सुट्टीत लहान मुलांचे कणीक-माती-तांदळाचे खेळ: पाणी किती, आणि कोणाच्या हातून?

नमस्कार. दिवाळी जवळ आली की दर वर्षी तुमचा एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत येऊ लागतो: 2 ते 5 वर्षांच्या मुलांना सुट्टीत घरी असे काय द्यावे, की त्यांचे हात गुंततील, सण त्यांच्यापर्यंत पोहोचेल आणि मोठ्यांना फराळाकडे बघता येईल. यातल्या शेवटच्या अपेक्षेबद्दल आधीच स्पष्ट सांगते, की या वयाच्या मुलापुढे माती, धान्य किंवा मिठाची कणीक असेल तेव्हा एक मोठे माणूस त्याच्या शेजारी बसलेच पाहिजे. कढईपुढे उभे राहून हा खेळ सांभाळता येत नाही.

आज तीन खेळ घेते. साहित्य तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून भरभर सांगते. पणत्यांच्या कणकेसाठी 2 वाट्या मैदा किंवा गव्हाचे पीठ, 1 वाटी बारीक मीठ आणि पाऊण ते 1 वाटी पाणी. रांगोळीसाठी 1 वाटी तांदूळ, 1 चमचा व्हिनेगर आणि खाण्याच्या रंगाचे काही थेंब. किल्ल्यासाठी विटा, दगड, गोणपाट, माती आणि मूठभर आळीव.

आता खऱ्या अडचणीकडे येते. गेल्या वर्षी आलेल्या तक्रारी मी एकत्र वाचल्या. कुणाची कणीक हाताला चिकटत होती, कुणाच्या तांदळाला वास आला, कुणाच्या किल्ल्याचा बुरूज रात्रीत घसरला. खेळ तीन असले तरी चूक एकच होती, आणि ती पाण्याची होती.

माझी मुलगी 3 वर्षांची असताना मी तिच्या हाती भरलेला पेला दिला होता आणि तिने तो एका दमात परातीत ओतला. मी पीठ वाढवले, मग मीठ वाढवले, तोवर प्रमाण हरवले होते आणि तिची बोटे पातळ पिठाने इतकी माखली होती, की ती दोन्ही हात अंगापासून दूर धरून रडू लागली. त्या दिवशी तिने पुन्हा परातीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या सासूबाईंनी देवघरातले जुने पळी-पंचपात्र आणून तिच्यापुढे ठेवले. अर्धी वाटी पाणी त्यांनी स्वतः पिठात कालवले, उरलेले पंचपात्रात ओतले आणि तिला एवढेच सांगितले, की एक पळी घाल, मळ, आणि मग दुसरी घाल. पळीत पाणी ते किती येणार? पण ती पळी कडेपर्यंत भरून, न सांडता परातीपर्यंत नेण्यासाठी तिने श्वास रोखून धरला होता, आणि प्रत्येक पळीनंतर कोरडे पीठ आधी कसे भुरभुरते, मग त्याच्या गुठळ्या कशा होतात आणि शेवटी मऊ गोळा कसा जमतो, हे तिच्या बोटांना कळत गेले. त्या दिवसापासून आमच्याकडे मुलांच्या खेळातले पाणी पळीनेच मोजले जाते.

अनेक जण विचारतात, की कणीक आम्हीच मळून दिली तर चालणार नाही का? चालेल, पण मग स्पर्शाचा निम्मा खेळ तुम्ही खेळलात आणि मुलाच्या वाट्याला तयार गोळा आला. पणतीचा आकार वेडावाकडा झाला तरी हरकत नाही; मळणे मात्र त्याचे त्याला करू द्या. कणीक सैल झालीच, तर पीठ आणि मीठ 2 : 1 याच प्रमाणात वाढवा. पणत्या सावलीत 2 ते 3 दिवस उलटसुलट करून वाळवा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत मीठ ओलावा ओढून घेते, म्हणून तिथे वाळलेल्या पणत्याही पुन्हा मऊ पडतात. त्यांना मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवावे आणि नंतर घट्ट डब्यात ठेवावे. ही कणीक पोटात जाता कामा नये, कारण तिच्यात मीठ फार असते. जे मूल अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालते, त्याला पोळीचीच साधी कणीक द्या. या पणत्यांत तेल-वात घालायची नाही. त्यांच्यात बॅटरीचे दिवे ठेवण्याची हल्ली पद्धत आहे आणि तिची मला फार काळजी वाटते. त्या दिव्यांमधला बटणासारखा चपटा सेल मुलाने गिळला, तर अन्ननलिकेत 2 तासांतही गंभीर भाजल्यासारखी जखम होऊ शकते. ज्या दिव्याचे झाकण स्क्रूने बंद होत नाही, तो लहान मूल असलेल्या घरात आणूच नका, आणि सेल गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न पाहता रुग्णालय गाठा.

तांदळाचेही तेच. रंग पाण्यात कालवून तांदूळ भिजवायचे नाहीत. डब्यात तांदूळ, व्हिनेगर आणि रंग घालून झाकण घट्ट लावा आणि डबा मुलाकडे खुळखुळ्यासारखा हलवायला द्या. नंतर तांदूळ कागदावर पातळ पसरून पूर्ण कोरडे होऊ द्या. ओलसर तांदूळ बरणीत भरले की बुरशी ठरलेली. बीट किंवा पालकाचा रस वापरणाऱ्यांनी तर तांदूळ त्याच दिवसापुरते करावेत, कारण रस म्हणजेही शेवटी पाणीच. अन्न खेळायला का देता, असे एका काकूंनी कळकळीने लिहिले होते. मला त्यांचे म्हणणे पटते, म्हणून आम्ही एकच वाटी रंगवतो आणि ती संक्रांतीपर्यंत पुरवतो. ज्यांना तेही नको असेल, त्यांनी चाळलेला लाकडाचा भुसा रंगवावा. बाजारातली रांगोळीची पूड मात्र दगडाची बारीक भुकटी असते आणि ती मुलांच्या श्वासात जाते, म्हणून ती या वयाला देऊ नये. हळदीची एक गंमत जरूर करा: पळीभर पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवा आणि त्याचे थेंब हळदीवर टाका. पिवळी हळद डोळ्यांदेखत तांबडी होते.

आता किल्ला. 2025 च्या जुलैमध्ये आपले 12 मराठाकालीन किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतला जिंजी तमिळनाडूत आणि उरलेले 11 महाराष्ट्रात आहेत. तेव्हापासून हुबेहूब रायगड किंवा सिंधुदुर्ग कसा करावा, असे विचारणारे पालक वाढले आहेत. त्यांचा अभिमान मला समजतो, पण 3 वर्षांच्या मुलाला प्रतिकृती नको असते, त्याला माती हवी असते. बांधणारा बाबा आणि लांबून बघणारे मूल, असा किल्ला मी अनेक अंगणांत पाहिला आहे. विटा-दगड तुम्ही रचा, गोणपाट तुम्ही अंथरा. माती चाळणे, कालवणे आणि थापणे मुलाकडे द्या. इथेही तांब्या नको, पळीच हवी. मूठभर माती घट्ट दाबल्यावर तिचा लाडू वळला पाहिजे आणि बोटांच्या फटींतून पाणी येता कामा नये. पाणी आले, तर तो बुरूज सकाळपर्यंत टिकत नाही.

आळीव कोरडे टाकू नका, थोडा वेळ भिजवा. भिजल्यावर प्रत्येक दाण्याभोवती बुळबुळीत आवरण येते, त्यामुळे ते उतारावरून घरंगळत नाहीत आणि मुलाच्या बोटांना एक अगदी निराळा स्पर्श मिळतो. काही मुलांना तो सहन होत नाही आणि ती हात मागे घेतात. त्यांना आग्रह करू नका, चमचा द्या. हात लावायचा तेव्हा ती आपणहून लावतील. 2-3 दिवसांत कोंब दिसतात. तोवर किल्ल्यावर पाणी शिंपडायचे, तेही पळीनेच. मावळे निवडताना एवढे पाहा, की 3 वर्षांखालच्या मुलाच्या तोंडात मावेल असा एकही नसावा.

शेवटी आवराआवरीबद्दल, कारण तेही बऱ्याच जणांनी विचारले आहे. दिवाळीनंतर किल्ल्याची माती कुंड्यांत परत घाला. मिठाच्या पणत्या मात्र कुंडीत टाकू नका, मिठाने झाडे मरतात. आणि त्या उघड्यावरही टाकू नका, कारण एवढे मीठ कुत्र्याच्या पोटात गेले तर त्याच्या जिवावर बेतते. त्या कागदात नीट गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका आणि डब्याचे झाकण लावा.