राजाच्या मांडीवरचं कुत्रं

नमस्कार श्रोतेहो.

सतराव्या शतकात लंडनमध्ये सॅम्युअल पीप्स नावाचा एक सरकारी अधिकारी रोजनिशी लिहायचा. तिच्यात एक कुरकुर आहे: राज्याच्या कामाची बैठक भरलीय, आणि राजेसाहेब आपले कुत्र्याशी खेळताहेत! हे राजेसाहेब म्हणजे दुसरा चार्ल्स. त्याच्या नावाचं कुत्रं आज ‘कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल’ म्हणून ओळखलं जातं.

पण ही जात सरळ राजवाड्यातून आपल्यापर्यंत आलेली नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात चपट्या नाकाची हौस आली आणि राजाच्या काळच्या चित्रांतलं ते निमुळत्या तोंडाचं कुत्रं दिसेनासं झालं. १९२६ मध्ये रॉझवेल एल्ड्रिज हा अमेरिकन माणूस ते शोधत इंग्लंडात आला. सापडेना, तेव्हा त्याने कुत्र्यांच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात जुन्या वळणाच्या कुत्र्याला पंचवीस पौंडांचं बक्षीस लावलं. त्या काळी ही रक्कम काही थोडीथोडकी नव्हती! १९२८ मध्ये ‘अ‍ॅन्स सन’ नावाचा कुत्रा या जातीचा नमुना ठरला, आणि १९४५ मध्ये कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबने स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली.

वजन साडेपाच ते आठ किलो. मोठे काळेभोर डोळे, लोंबणारे रेशमी कान. ते जेवताना वाटीत बुडतात, ओले राहिले तर आतून चिघळतात. स्वभाव लोभस, राखणीला मात्र निरुपयोगी. चोर आला तरी शेपटीच हलवेल. माणसाला चिकटून राहणारा जीव, त्याला दिवसभर कुलूपबंद घरात ठेवू नका.

आता गोड नसलेली गोष्ट. मोजक्याच कुत्र्यांपासून वाढवलेल्या या जातीत हृदयाची मायट्रल झडप झिजण्याचा आजार फार. दहाव्या वर्षापर्यंत बहुतेकांच्या छातीत डॉक्टरांना मर्मर, म्हणजे ठोक्यांसोबतचा जादा आवाज, ऐकू येते. काहींची कवटी मेंदूला अपुरी पडते. मग अशी कुत्री मानेजवळची नुसती हवाच खाजवत राहतात. बघणाऱ्याला गंमत वाटते, पण कुत्र्याला वेदना होत असतात. २०२२ मध्ये नॉर्वेतल्या ओस्लोच्या न्यायालयाने या जातीच्या पैदाशीविरुद्ध निकाल दिला, तो यामुळेच.

तेव्हा पिल्लू घ्यायला गेलात, तर आधी रंग पाहू नका. पिल्लं झाली तेव्हा आई-बाप निदान अडीच वर्षांचे होते का, आणि आजी-आजोबांचं हृदय पाचव्या वर्षी निर्दोष होतं का, हे विचारा. कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर पिल्लू कितीही लाडात आलं तरी तसंच परत फिरा.

नमस्कार.