फेरीतून उतरल्यावर पलीकडे कसं जायचं?

नमस्कार मंडळी, देव बरें करूं. आज बोलायचंय पणजीच्या बांदोडकर रस्त्याबद्दल, मांडवीच्या काठाकाठाने कांपाल, कला अकादमी करत मिरामारला जातो तो. नदीपलीकडच्या बेतीहून येणारी फेरीबोट पायी जाणाऱ्याला फुकट, केवढी सोय आहे ती, पण पणजीच्या धक्क्यावर उतरलात की समोर हा रस्ता आणि गाड्या काही थांबत नाहीत. पावसात माझी आई एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पिशवी घेऊन झेब्रापाशी ताटकळत उभी असते, एखादा पायलट, म्हणजे आपला मोटारसायकल टॅक्सीवाला, बाईक थांबवून हात करतो तेव्हा ती पलीकडे जाते, आणि मला ते बघवत नाही.

लोक म्हणतात पणजीत जागाच कुठाय. मला नाही पटत, जागा आहे हो, वाटणी चुकलीय. लेन रुंद दिसली की पाय आपोआप ॲक्सिलरेटरवर जातो. साडेतीन मीटरची लेन तीनची केली तर चार लेनमागे दोन मीटर सुटतात, म्हणजे एक सायकल ट्रॅक तिथेच बसला, आणि गाड्याही हळू होतात. सायकल म्हटलं की हेल्मेटवाले हौशी लोक डोळ्यापुढे येतात, पण पहाटे पावाची टोपली मागे बांधून पों पों करत येणारा आपला पोदेर, तो कुठल्या लेनमधून जाणार? त्याला नुसता पांढरा पट्टा मारून भागणार नाही, मध्ये कठडा पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच दिवशी तिथे पार्किंग.

स्पीडचं गणित पण ऐका, वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. म्हणूनच 2020 च्या स्टॉकहोमच्या रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेत ठरलं की जिथे माणसं आणि गाड्या एकत्र असतात तिथे ताशी 30 किलोमीटरच्या वर जायचं नाही. नुसत्या बोर्डाने हे होत नाही. झेब्राच फुटपाथच्या लेव्हलला उचलून घ्यायचा, म्हणजे गाडी चढताना हळू होतेच आणि आईला खाली उतरावंच लागत नाही. फक्त आपल्याकडचा पाऊस लक्षात ठेवून कडेला पाणी जायला जाळी सोडायची, नाहीतर तिथेच तळं.

आणि फुटपाथ. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या नियमात चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा आणि कर्बची, म्हणजे फुटपाथच्या कडेची, उंची जास्तीत जास्त 15 सेंटिमीटर. घरातनं टेप घेऊन तुमच्या दारापुढचा फुटपाथ मोजून बघा, मध्ये येणारा विजेचा खांब वजा करून. मी उद्या सकाळी साडेआठला फेरीधक्क्यापाशी टेप आणि वही घेऊन उभा राहतोय, एका फेरीतून किती माणसं उतरतात आणि पलीकडे पोचायला प्रत्येकाला किती सेकंद थांबावं लागतं ते लिहून काढणार आहे. वेळ असेल तर या, दोन माणसं असली की मोजणं सोपं जातं.