कुजबुजणारा कुकर आणि वाइनमधला कोंबडा

श्रोतेहो, नमस्कार.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एक अख्खा हिवाळा दिजाँ या गावात काढला. फ्रान्सच्या पूर्वेकडचं हे गाव. मोहरीच्या चटणीसाठी जगभर ओळखलं जाणारं. आजूबाजूचा सगळा मुलूख बुर्गोन्यचा, म्हणजे आपण ज्याला बर्गंडी म्हणतो त्याचा. मी तिथे फ्रेंच कशी शिकवावी हे शिकायला गेले होते आणि एका सत्तरीच्या बाईंकडे खोली घेऊन राहत होते. त्यांना मी मादाम म्हणायची. आजही तेवढंच म्हणते.

जाताना माझ्या डोक्यात फ्रेंच स्वयंपाकाचं एक चित्र होतं. मंद आचेवर जाडजूड बिडाची हंडी, त्यात तासन् तास रटरटणारा रस्सा, लोण्याची ढेपच्या ढेप. पहिल्या रविवारी ते चित्र खरंही ठरलं. मादामनी पाहुण्यांसाठी ‘कोक ओ वँ’ केलं. शब्दशः अर्थ, वाइनमधला कोंबडा. आदल्या रात्रीपासून मुरवलेला, दुपारपर्यंत शिजत ठेवलेला. मंगळवारी संध्याकाळी कामावरून परत आले तर घरात तोच वास! आणि ओट्यावर काय? कुकर. आपला असतो तसाच, स्टीलचा, वापरून वापरून बुडाशी काळपट झालेला.

मी लगेच शेजारी उभी राहून शिट्ट्या मोजायच्या तयारीत. पण शिट्टी काही होईना. नुसतं सूं सूं, सूं सूं चाललेलं. शेवटी न राहवून विचारलं, मादाम, कुकर बिघडलाय का? त्या हसल्या. म्हणाल्या, नाही, तो कुजबुजतोय. फ्रेंचमध्ये तोच शब्द आहे, ‘शुशोत्माँ’, कुजबूज. तिकडच्या पाककृतीत ‘तीन शिट्ट्या काढा’ असं लिहिलेलं नसतं. कुजबूज सुरू झाली की घड्याळ लावायचं आणि मिनिटं मोजायची. आपण शिट्ट्या मोजणारी माणसं. एकीच्या कुकरची शिट्टी मिनिटाला होते, दुसरीची चार मिनिटांनी, आणि दोघी एकमेकींना सांगतात, ‘अगं, तीन पुरेत.’ मग एकीकडे डाळ कच्ची आणि दुसरीकडे लगदा.

तर आज मी तुम्हाला मादामचं हे मंगळवारचं, कुकरमधलं आणि मूळच्यापेक्षा हलकं कोंबडं सांगणार आहे. कागद-पेन्सिल हाताशी ठेवा, प्रमाण मी दोनदा सांगेन.

त्याआधी कुकरबद्दल थोडं. कारण दिजाँच्याच उत्तरेला, त्याच जिल्ह्यात, सेलाँजे नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या एका भांडी बनवणाऱ्या कारखान्याने 1953 साली घरगुती प्रेशर कुकर बाजारात आणला आणि फ्रान्सच्या घराघरांत तो गेला. तिकडे तो ‘कोकॉत-मिन्युत’ या नावाने ओळखला जातो. यात गंमत अशी की ‘कोकॉत’ म्हणजे हंडी, आणि लहान मुलांच्या बोलीत ‘कोकॉत’ म्हणजे कोंबडी. आपण ‘कोंबूताई’ म्हणतो ना, तसंच. म्हणजे ज्या मातीत वाइनमधला कोंबडा वाढला, त्याच मातीत कोंबूताईच्या नावाचा कुकर निघाला. त्यामुळे कुकरमध्ये हा पदार्थ करणं म्हणजे काहीतरी पाप आहे, असं मला कोणी सांगितलं तर मी ऐकून घेत नाही.

आणि मुळात कल्पना तरी कोणाची? दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाची. 1647 मध्ये ब्लुआ गावाजवळ जन्मलेला. 1679 मध्ये लंडनमध्ये असताना त्याने घट्ट झाकणाचं धातूचं भांडं केलं, वाफ कोंडून हाडं मऊ करण्यासाठी. झाकण उडून जाऊ नये म्हणून त्यावर वजन टांगलेली एक झडप बसवली. आपल्या शिट्टीची ती पणजी. 1682 मध्ये रॉयल सोसायटी या तिथल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेतल्या मंडळींना त्याने या भांड्यातलं जेवण वाढलं. तिथे जेवलेल्या जॉन एव्हलिनने रोजनिशीत लिहून ठेवलंय की कठीण हाडंसुद्धा चीजसारखी मऊ झाली होती. पापँ प्रोटेस्टंट. 1685 मध्ये फ्रान्सच्या राजाने त्या पंथाला मिळालेली मोकळीक काढून घेतली, आणि या माणसाला मायदेशी परतायची वाट उरली नाही. आज ब्लुआमध्ये मोठ्या जिन्याच्या माथ्यावर त्याचा पुतळा उभा आहे.

आता कोंबड्याकडे. मूळ पदार्थात कोंबडाच हवा, कोंबडी नव्हे. शेतावरचा म्हातारा झालेला, चिवट. आपल्या गावाकडच्या गावरान कोंबड्यासारखा. त्याच्या सांध्यांत आणि स्नायूंत चिकट तंतू असतात, ते दोन-तीन तासांच्या मंद शिजण्यात विरघळतात आणि रस्सा जिभेला मखमली लागतो. पाया सूप बोटांना चिकटतं ना, तोच प्रकार. साध्या भांड्यात पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही. कुकरमध्ये ते साधारण 120 अंशांपर्यंत जातं, म्हणून तेच काम पाव-अर्ध्या तासात होतं. आणि आपल्याला दुकानात मिळतो तो ब्रॉयलर, जेमतेम दीड महिन्याचं पिल्लू. त्याला एवढीही गरज नाही.

मग हे सगळं कुकरमध्ये टाकलं, झाकण लावलं, झालं? मलाही तसंच वाटलं होतं. पुण्याला परत आल्यावर मोठ्या हौसेने केलं. कोंबडी, कांदे, मश्रूम, अर्धी बाटली लाल वाइन, सगळं एकत्र, तीन शिट्ट्या. झाकण उघडलं तर आत जांभळं पाणी! आंबट, कडवट, नाकात चढणारं. त्यात फिकट राखाडी कोंबडी तरंगत होती. मुलांनी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्या रात्री आम्ही पिठलं-भात जेवलो.

चूक माझी होती, कुकरची नव्हती. कुकरला दोन गोष्टी येत नाहीत. खरपूस भाजणं आणि आटवणं. ओल्या वाफेत मांस तांबूस होत नाही, त्याला कोरडं, तापलेलं भांडंच लागतं. आणि बंद झाकणाखाली वाइन आटत नाही, तिचा उग्रपणा तिथेच कोंडून राहतो. म्हणून मादाम कुकर लावायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं आणि नंतर सहा-सात मिनिटं उघड्यावर काम करायच्या. कुकरकडे फक्त मधलं काम.

लिहून घ्या. चौघांसाठी. कोंबडीचे चार लेग पीस, मांडी आणि तंगडी वेगळी करून आठ तुकडे, साधारण 900 ग्रॅम. छातीचे तुकडे नकोत, ते कुकरमध्ये दोऱ्यासारखे होतात. लाल वाइन दोन वाट्या, म्हणजे 300 मिली. पाणी पाऊण वाटी. एक मोठा कांदा, एक गाजर, चार लसूण पाकळ्या. सांबारात घालतो ते छोटे कांदे बारा, सोललेले. बटण मश्रूम 200 ग्रॅम. तेल दीड चमचा, लोणी एक चमचा. मीठ, मिरपूड, वाळलेली थाइम अर्धा चमचा आणि लॉरेलचं एक पान.

या पानाबद्दल थांबून सांगते. लॉरेल, म्हणजे बे लीफ, हे आपलं तमालपत्र नव्हे. दुकानदार खुशाल तेच देतात. तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन उभ्या शिरा असतात आणि त्याला दालचिनीचा वास येतो. ते घातलंत तर रस्सा पुलावाच्या वाटेने जाईल. लॉरेल मिळालं नाही तर काहीच घालू नका. थाइम नसेल तर चिमूटभर, खरंच चिमूटभर, ओवा चुरडून घाला. दोन्हींच्या वासामागे थायमॉल हा एकच घटक आहे.

पुन्हा एकदा. लेग पीसचे आठ तुकडे, वाइन दोन वाट्या, पाणी पाऊण वाटी, मोठा कांदा एक, गाजर एक, लसूण चार पाकळ्या, छोटे कांदे बारा, मश्रूम 200 ग्रॅम, तेल दीड चमचा, लोणी एक चमचा.

आता हलकं कसं म्हणायचं ते बघा. मूळ पाककृतीत शंभर-दीडशे ग्रॅम बेकन असतं, कोंबडीचं कातडं असतं आणि शेवटी लोण्यात मळलेला मैदा रस्सा दाट करायला. आपल्याकडे कातडं काढूनच कोंबडी मिळते, ते काम खाटकाने केलेलंच आहे. चरबीचा मोठा भाग कातड्याखालीच असतो. फ्रान्समधल्या मैत्रिणी तक्रार करतात की कातड्याशिवाय कोंबडी शोधावी लागते, आपल्याकडे उलटं. बेकन मी घालत नाही. आवडत असेल तर दोन पट्ट्या बारीक चिरून घाला, पण मग तेल नको. मैदा तर कुकरमध्ये घालूच नका, बुडाला धरतो.

कुकर स्टीलचा किंवा हार्ड अॅनोडाइज्ड घ्या. साध्या अॅल्युमिनियमला वाइनचा आंबटपणा बाधतो आणि रस्श्याला धातूची चव येते. तुकडे पुसून कोरडे करा, मीठ-मिरपूड लावा. कुकरमध्ये एक चमचा तेल चांगलं तापवून चार-चार तुकडे खरपूस करा. हलवत बसू नका, एका बाजूला तीन मिनिटं तसेच राहू द्या. तुकडे काढा. त्याच तेलात चिरलेला कांदा, गाजर, लसूण परता. बुडाला तपकिरी खरवड धरली असेल. ती म्हणजे या पदार्थाचा जीव. बासुंदीची खरवड कोण जास्त खातं यावरून घरात भांडणं होतात, त्यातलीच ही समजा. आता गॅस बंद करून वाइन ओता, मग पुन्हा पेटवा. वाइनच्या वाफा ज्योतीजवळ भडकू शकतात, म्हणून एवढी काळजी. उलथन्याने खरवड सोडवा आणि दोन वाट्यांची एक वाटी होईपर्यंत, सात-आठ मिनिटं, उघड्यावर उकळा. वास नाकाला टोचायचा थांबला आणि गोडसर झाला की समजायचं. अर्धी-कच्ची वाइन असताना झाकण कधीही लावू नका.

मग तुकडे, पाणी, थाइम, लॉरेलचं पान. झाकण लावा. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करा आणि आठ मिनिटं घड्याळावर मोजा. दुसरी शिट्टी झाली तर आच अजून मोठी आहे. खरा गावरान कोंबडा मिळाला असेल तर पाणी आणखी अर्धी वाटी घाला आणि पंचवीस मिनिटं ठेवा, आणि त्याच्या वाटेला जाच, चव खरी त्याचीच. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली तर आतलं मांस एकदम उकळी फुटून कोरडं पडतं.

कुकर आपलं काम करतोय तोवर शेजारच्या शेगडीवर उरलेल्या अर्ध्या चमचा तेलात छोटे कांदे घोळवा, पाव वाटी पाणी घालून झाका, मऊ झाले की मश्रूम घाला आणि मोठ्या आचेवर सगळं पाणी आटेपर्यंत परता. हे कुकरमध्ये घातले असते तर कांद्यांचं पिठलं झालं असतं.

झाकण उघडल्यावर तुकडे बाजूला काढा, वरचा तवंग चमच्याने काढून टाका. लॉरेलचं पान काढा. रस्श्यातलं गाजर-कांदा रवीने किंवा डावाने तिथेच घोटा. दाटपणा त्यातून येतो, मैद्याची आठवणही होत नाही. सहा-सात मिनिटं उकळून अंगासरसा करा, कोंबडी, कांदे, मश्रूम परत घाला, आच बंद करून एक चमचा लोणी हलवून जिरवा. तीन-चार चमच्यांऐवजी एकच, पण शेवटी, म्हणजे चवीला कळतं. सगळं मिळून तासभर.

ज्यांच्या घरात वाइन चालत नाही त्यांना एक सांगायला हवं. शिजवल्यावर अल्कोहोल सगळा उडून जातो, हे खरं नाही. थोडा राहतोच. तेव्हा नियमाने न घेणाऱ्या पाहुण्याला न सांगता वाढू नका. अशा घरांसाठी लिआँ शहराचा ‘पुले ओ विनेग्र’ आहे, व्हिनेगरमधली कोंबडी. वाइनच्या जागी तीन मोठे चमचे व्हिनेगर, ते खरवडीवर घालून जवळजवळ आटवायचं, मग एक वाटी टोमॅटोचा रस आणि पाऊण वाटी पाणी. छोटे कांदे नि मश्रूम वगळा. बाकी कृती तीच. गोव्याची नारळाची व्हिनेगर घातली तर फारच सुरेख होते. लिआँच्या लोकांना कळवू नका.

बरोबर उकडलेले बटाटे, किंवा सरळ पाव. इराण्याकडचा ब्रून पाव या रस्श्याला फार शोभतो, वरचं कडक कवच लगेच भिजत नाही. ताटलीतला रस्सा पावाने पुसून खाणं तिकडे पाहुण्यांच्या पंगतीत फारसं सभ्य मानत नाहीत. पुसायचाच तर पावाचा तुकडा काट्याला टोचून पुसायचा. मादाम रविवारी तसंच करायच्या. मंगळवारी मात्र हातानेच.

नमस्कार.